कोयता, करवत आणि आमची वाडी: झाड पाडण्याचा एक छोटा इतिहास

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.)



आज सुरुवात एका व्हिडिओपासून. माझ्या फोनमध्ये एक छोटा व्हिडिओ आहे, एक मिनिटसुद्धा नाही. जून २०२० मधला, निसर्ग वादळानंतरच्या आठवड्यातला. लॉकडाऊन होता, ऑफिस घरून चालू होतं, म्हणून मी नागावला होतो. म्हणजे ऑफिस चालू होतं असं म्हणायचं, वीजच नव्हती, नेटवर्क कुठून असणार?

व्हिडिओत आमची वाडी दिसते. एक मोठा आंबा आडवा झालाय, आणि त्याची एक फांदी सुपारीच्या शेंड्यावर पडलीय. सुपारी मोडलेली नाही. ती धनुष्यासारखी वाकलीय, मुळं जमिनीत आणि शेंडा फांदीखाली. काका कोयता घेऊन तिच्याजवळ जातात. मागून माझा आवाज येतो, "काका, जरा इकडे बघा ना." काका बघत नाहीत. पहिला घाव, दुसरा घाव. तिसऱ्या घावाला आवाज येतो, फटाका फुटावा तसा, आणि पुढे फक्त आभाळ दिसतं, कारण फोन माझ्या हातातून पडलेला असतो.

सुपारीचा बुंधा उसळून काकांच्या खांद्यावर बसला होता. कॉलरबोन मोडलं. रस्त्यावर जागोजागी झाडं पडलेली, त्यामुळे दवाखान्यात पोचायला अर्धा दिवस गेला. काका वाचले. पण डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. चाळीस वर्षं झाडावर चढलेला माणूस आता खालून सांगतो, 'तो घड काढ.'

आणि मी? मी त्यांच्यापासून तीन मीटरवर उभा होतो. रेकॉर्ड करत.

हा व्हिडिओ मी बऱ्याच वेळा बघितलाय. मला पडलेला प्रश्न साधा आहे. काकांना झाडांमधलं सगळं कळत होतं, तरी हे का झालं? त्याचं उत्तर शोधता शोधता मी झाड तोडण्याच्या इतिहासात शिरलो. आजचा भाग त्याच्यावर.

आधी थोडं आमच्या गावाबद्दल

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालात की आधी आक्षी लागतं, मग नागाव, मग चौल. हा सगळा पट्टा म्हणजे अष्टागर. तुम्ही नागावला आला असाल तर बीच, बनाना राइड आणि मासे, एवढंच बघून गेला असाल. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या गर्द सावलीतून तुमची गाडी गेली, ती सावली जंगलाची नाही. ती वाड्यांची आहे. माणसाने लावलेली, माणसाने पाणी घातलेली.

वाडी म्हणजे मजल्यांची इमारत समजा. सगळ्यात वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर चढलेला मिरीचा वेल, खाली केळी, जायफळ, एखादा आंबा-फणस कडेला. कृषी विद्यापीठांची शिफारस बघितलीत तर नारळ साधारण साडेसात मीटरवर लावायचा आणि सुपारी २.७ मीटरवर. हे अंतर लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

अशा वाडीत झाड तोडणं ही रोजची गोष्ट नाही. रोज चालतो तो कोयता, आणि तो झावळ्या, पोयी, घड काढायला. बुंध्याला हात लावायची वेळ आली तर कुऱ्हाड, आणि मोठं खोड असेल तर दोघांनी दोन टोकांना धरायची लांब करवत. झाड पाडायचं म्हणजे घरात आधी चर्चा व्हायची. कुणीतरी शेंड्याला दोर बांधायला वर चढायचं, चार माणसं दोर ओढायला, एक माणूस 'सोडा' म्हणायला. म्हणजे बघा, यंत्र नव्हतं तेव्हा झाड पाडणं हे आपोआपच टीमवर्क होतं. एकट्याने शक्यच नव्हतं. हा मुद्दा मला नंतर महत्त्वाचा वाटला.

तोडायचं कुणी ठरवायचं?

आपल्याकडच्या इतिहासात झाडतोडीचा प्रश्न आधी सुरक्षिततेचा नव्हता, हक्काचा होता.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तुम्ही शाळेत ऐकलं असेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाबद्दल सूचना आहेत. जहाज बांधायला सागवान लागतं, ते परवानगीने तोडावं. पण आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जुनं झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावं, जबरदस्ती नको. हे माझ्या शब्दांत सांगतोय, मूळ भाषा फार देखणी आहे, जरूर वाचा.

आणि हे कागदावरचं तत्त्व आमच्या किनाऱ्याला थेट लागू होणारं होतं. कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथलंच, कुलाब्याचा किल्ला इथलाच. लाकडाशिवाय आरमार नाही.

१८४० मध्ये आंग्र्यांचं कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केलं. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात पहिला वनसंरक्षक नेमला गेला, अलेक्झांडर गिब्सन. हा पेशाने डॉक्टर होता. पुढे १८७८ चा आणि १९२७ चा वन कायदा आला. हळूहळू ज्या रानातून लोक सरपण, गवत, राब आणत होते, त्या रानात जाणं हाच गुन्हा ठरला.

त्याचा भडका आपल्याच जिल्ह्यात उडाला. २५ सप्टेंबर १९३०, उरणजवळचं चिरनेर. हजारो लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या रानात गेले आणि जंगल कायदा मोडला. कायदा मोडायचा म्हणजे काय करायचं, तर झाड तोडायचं! पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. तिथे हजर असलेले मामलेदारसुद्धा त्या गोळीबारात मेले. मिठाचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, जंगल सत्याग्रह कमी जणांना. आमच्याकडचा कोयता हे फक्त वाडीचं अवजार नाही, ते असं इतिहासात जाऊन आलंय.

स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमनाचा कायदा आला. सागवान, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, हिरडा, ऐन, किंजळ अशी ठरावीक झाडं, ती तुमच्या स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. आंबा-फणसावरचा हात थांबवणारं आज्ञापत्र आठवलं ना?

म्हणजे तोडायचं कुणी, कुणाच्या परवानगीने, यावर आपल्याकडे तीनशे वर्षं लिहिलं गेलं, भांडलं गेलं, रक्त सांडलं. पण तोडायचं कसं, हे शिकवणारा कागद मला आपल्याकडे सापडला नाही. ते हातातून हातात गेलं. काकांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं, आणि त्यांनी शिकवलं ते उभ्या झाडाबद्दल.

डॉक्टर, अळी आणि पॉपकॉर्नचा डबा

आता यंत्राकडे येऊ. इथे गोष्ट एकदम परदेशात जाते, आणि जरा विचित्र होते.

'चेनसॉचा शोध बाळंतपणासाठी लागला' असं एक रील तुम्ही बघितलं असेल. ते अर्धं खरं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी जॉन एटकन आणि जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी दातेरी साखळी वापरली. अडलेल्या बाळंतपणात ओटीपोटाचा सांधा मोकळा करायला, किंवा सडलेलं हाड काढायला. पण त्यात इंजिन वगैरे काही नव्हतं. एक बारीक साखळी, दोन टोकांना मुठी, हाताने मागे-पुढे ओढायची. पुढे १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइनं या जर्मन माणसाने हाड कापायचं यंत्र केलं, त्यात साखळी पट्टीभोवती फिरायची. दिसायला ते आजच्या चेनसॉचं आजोबाच.

झाडासाठी साखळी आली ती १९२० च्या दशकात. आंद्रेआस श्टिल या जर्मन इंजिनिअरने १९२६ मध्ये विजेवर चालणारी करवत काढली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची. उचलायला दोन माणसं लागायची. म्हणजे अजूनही टीमवर्क!

पण एक अडचण होती. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात साध्या करवतीसारखे होते. ते लवकर बोथट व्हायचे, सारखी धार लावावी लागायची. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ मध्ये सरपण फोडत होता. लाकडात त्याला एका भुंग्याची अळी दिसली. ती लाकूड सरळ खात नव्हती. इंग्रजी सी अक्षरासारखे दोन जबडे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं खात ती पुढे जात होती. कॉक्सने तसेच दात असलेली साखळी केली, आणि दुसऱ्या वर्षी विकायला काढली. आज जगातली जवळजवळ प्रत्येक चेनसॉ त्या अळीची नक्कल करते.

तिसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची. आज अलिबाग-मुरूड पट्ट्यात घरटी नाही तरी आळीत एक तरी 'ग्रास कटर' असतो. लांब दांडा, एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला फिरणारी नायलॉनची दोरी. ही दोरीची कल्पना टेक्ससमधल्या जॉर्ज बॅलसची, १९७१ ची. गाडी धुवायच्या ठिकाणी मोठे ब्रश गरागरा फिरताना बघून त्याला सुचलं. पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्याने मासे पकडायची दोरी ओवली आणि यंत्राला लावली. झालं!

याच दांड्याला दोरीऐवजी लोखंडाचं दातेरी गोल पातं लावलं की यंत्राचा स्वभावच बदलतो. आता ते गवत कापायचं खेळणं नाही, ती करवत आहे. स्वीडन, फिनलंडकडे पाइन-स्प्रूसची कोवळी जंगलं दाट झाली की मधली रोपं काढून उरलेल्यांना जागा करून देतात. आपल्याकडे शेतीत त्याला विरळणी म्हणतात. त्या कामासाठीची ही खास करवत. इंग्रजी नावाचा अर्थच 'अंतर राखणारी करवत'. मला हे नाव फार आवडलं. तोडणं हा तिचा उद्देश नाही, अंतर राखणं हा आहे.

प्रत्येक भागामागे एक अपघात

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे एक सवय आहे. एखादी विचित्र ओळ दिसली की ती काढून टाकायच्या आधी हिस्टरी बघायची. बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं की अमुक दिवशी सिस्टिम पडली म्हणून ही ओळ आली. झाड तोडायच्या यंत्रांचं अगदी तसंच आहे.

चेनसॉच्या पुढच्या मुठीसमोर एक उभी ढाल असते. पट्टीचं टोक लाकडाला लागलं की यंत्र एका क्षणात मागे, थेट तोंडाकडे उसळतं. तेव्हा मनगट त्या ढालीवर आपटतं आणि साखळी थांबते. हा चेन ब्रेक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्याआधीची वीसेक वर्षं लोक ब्रेकशिवाय एकट्याने चेनसॉ चालवत होते.

मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग असतात. का? १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टरने इंडियानातल्या दगड फोडणाऱ्या कामगारांची बोटं तपासली. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं वापरून त्यांची बोटं थंडीत पांढरी पडत होती, बधिर होत होती. चाळीसेक वर्षांनी तीच पांढरी बोटं जंगल कामगारांमध्ये दिसायला लागली, जपानपासून युरोपपर्यंत. तेव्हा, १९६० च्या दशकात, कंपन कमी करणाऱ्या मुठी आल्या.

आणि हे तर अगदी अलीकडचं. ग्रास कटरला लावायला साखळीच्या कड्या किंवा एकमेकांत अडकवलेले लोखंडी तुकडे असलेलं पातं मिळतं. रील्समध्ये ते जबरदस्त दिसतं, झाडी एका झटक्यात साफ. २०१२ मध्ये युरोपियन युनियनने अशी जोडतुकड्यांची लोखंडी पाती बाजारातून काढायला लावली. कारण एक कडी तुटली, बंदुकीच्या गोळीसारखी उडाली आणि एक माणूस मेला. आपल्याकडे ऑनलाइन शोधा, अजून सापडतील. घेऊ नका. एवढं एक तरी या भागातून घेऊन जा.

३ जून २०२०

आता परत वाडीत येऊ.

निसर्ग वादळाने ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. हवामान खात्याच्या नोंदीत वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. आम्ही घरात दारं दाबून बसलो होतो. आवाज वाऱ्याचा होता, मग त्यात झाडांचा मिसळला. संध्याकाळी बाहेर आलो तर अंगणातून समुद्राच्या बाजूचं आभाळ दिसत होतं. मी जन्मात तिथून आभाळ बघितलं नव्हतं, तिथे कायम सावली असायची.

सुपारी लावल्यावर पाच ते सात वर्षांनी धरते. सुरुवातीला जी मदत जाहीर झाली ती हेक्टरी ५०,००० रुपये होती. आता कोकणात जमीन हेक्टरात मोजणारा माणूस दाखवा मला! आमच्याकडे हिशोब गुंठ्यात. गुंठ्याला पडले साधारण ५०० रुपये. शिफारशीच्या अंतराने लावली तरी गुंठ्यात चौदा-एक सुपाऱ्या बसतात, म्हणजे झाडाला पस्तीस-छत्तीस रुपये. लोक चिडले, आणि पुढे झाडामागे मदत द्यायचं ठरलं. पण त्या पहिल्या आठवड्यात कुणालाच काही माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की पावसाळा आलाय आणि पडलेलं उचलायचंय. नारळाची खोडं वाडीत कुजत पडली तर त्यात गेंडा भुंगा अंडी घालतो, आणि मग तो उरलेल्या माडांचे शेंडे खातो. म्हणजे वादळातून वाचलेलं झाड वादळात पडलेल्या झाडामुळे मरतं. म्हणून घाई.

एनडीआरएफची पथकं मुख्य रस्ते मोकळे करत होती. वाड्यांच्या आत मात्र ज्याचा तो. चार माणसं दोर ओढायला बोलवावीत तर लॉकडाऊन, आणि प्रत्येकाचीच वाडी पडलेली. शेकडो वर्षांचं टीमवर्क त्या आठवड्यात तुटलं. काका एकटे कोयता घेऊन निघाले ते असे.

आणि हे फक्त आपल्याकडे होत नाही. जानेवारी २००५ मध्ये स्वीडनमध्ये गुड्रुन नावाचं वादळ आलं. एका रात्रीत सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं झालं. ज्यांच्याकडे जगातलं सगळ्यात चांगलं प्रशिक्षण, हेल्मेट, यंत्रं, त्या देशातही वादळानंतरच्या साफसफाईत माणसं मेली. कारण पडलेलं झाड हे उभ्या झाडापेक्षा वेगळं जनावर आहे.

कसं ते सांगतो. वाकलेल्या खोडाची बाहेरची बाजू ताणलेली असते, आतली दाबलेली. काकांनी कोयता मारला तो बाहेरच्या, ताणलेल्या बाजूला, कारण ती वर होती आणि हात तिथे सहज पोचत होता. ताणलेले धागे तुटले आणि साठलेली सगळी ताकद एका क्षणात सुटली. सुपारी तर इतकी लवचीक की धनुष्यच. अशा वेळी आधी वरचा भार काढायचा, म्हणजे आंब्याची फांदी टोकाकडून थोडी थोडी कमी करायची. तेही जमत नसेल तर बाकाच्या आतल्या बाजूने, जिथे बाक सगळ्यात जास्त आहे तिथे, पातळ पातळ तासत जायचं. एक मोठा घाव नाही. म्हणजे खोड हळूहळू दबतं आणि ताण आपोआप उतरतो. उभं राहायचं ते खोड जिकडे उसळू शकतं ती जागा सोडून. आणि हे कधी केलं नसेल तर करायचंच नाही, माहीतगार माणसाची वाट बघायची.

हे मी काकांना नंतर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अरे, काठी वाकवून सोडली की लागते हे पोरालाही कळतं. मला नाही कळलं का? मला घाई होती."

आता करवत माझ्या हातात

सावली गेली, ऊन आलं. ऊन आलं की वाडीत रानमोडी, घाणेरी आणि सुबाभूळ घुसतात. सुबाभळीची मनगटाएवढी खोडं अशी दाट उभी राहिली की नवीन लावलेली सुपारी दिसेना. शेवटी मी गोल पात्याचा कटर भाड्याने आणला. पण या वेळी आधी मॅन्युअल वाचलं, सगळं. त्यातलं कामाचं सांगतो.

पात्याकडे घड्याळ म्हणून बघायचं. तुमच्या समोरचं टोक म्हणजे बारा, तुमच्याकडचं सहा. पातं घड्याळाच्या उलट फिरतं. बारा ते तीन हा धोक्याचा तुकडा. तिथे खोड लागलं की यंत्र झटका देऊन उजवीकडे आणि मागे फेकलं जातं, आणि तुम्ही दांड्याला पट्ट्याने बांधलेले असता. म्हणून खोड कापायचं ते तीन ते पाचच्या मध्ये.

झाड कुठे पडणार हे बुंध्यावरून ठरतं. डावीकडे पाडायचंय? मग बुंधा उजवीकडे ढकलला गेला पाहिजे. पातं जरा तिरकं करून उजवीकडे खाली दाबत न्यायचं. समोर पाडायचंय? मग बुंधा मागे आला पाहिजे, पातं चटकन आपल्याकडे ओढायचं. शेंडा नेहमी बुंध्याच्या उलट जातो. खोडाला लागायच्या आधी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा, पातं पूर्ण वेगात. अडकलं तर हिसका द्यायचा नाही, इंजिन बंद करून खोड हाताने ढकलायचं म्हणजे फट उघडते. वेल गुंडाळला तरी तेच: इंजिन बंद, पातं पूर्ण थांबलेलं, मगच हात.

पातं मनगटाएवढ्या खोडासाठीच आहे. माड, आंबा, मोठी सुपारी यांना ते लावायचं नाही. डोक्याला हेल्मेट, जाळीचा पडदा, कानाला मफ, पायात जाड बूट. स्लीपर घालून ग्रास कटर चालवणारे मी रोज बघतो, मीही चालवलाय. पट्ट्याला एका ओढीत सुटणारी कळ असते, ती कुठे आहे हे इंजिन चालू करायच्या आधी डोळे मिटून सापडली पाहिजे.

आणि मॅन्युअलमधलं आणखी एक वाक्य. चालू यंत्रापासून १५ मीटरच्या आत दुसरं कुणीही नको. माणूस नको, कुत्रा नको.

१५ मीटर. मी तीन मीटरवर उभा होतो, फोन घेऊन.

आमच्या वाडीला लागू होणाऱ्या दोन गोष्टी मॅन्युअलमध्ये नाहीत, त्या काकांनी सांगितल्या. आदल्या दिवशी वाडीत पूर्ण फिरायचं आणि गवतात लपलेली तार, पाटाचे दगड, करवंट्या, पंपाची वायर हे सगळं शोधून वेचायचं. आणि जे ठेवायचंय त्याला आधी खूण करायची. काकांनी उजव्या हाताने प्रत्येक कोकमाच्या रोपाला, बकुळीला, छोट्या सुपारीला जुन्या साडीची लाल पट्टी बांधली. मी म्हटलं, "काका, आपण काय तोडायचं त्याला खूण करतात लोक." काका म्हणाले, "तोडायचं ते पुष्कळ आहे रे. ठेवायचं मोजकं आहे, ते आधी बघ."

त्या दिवशी चार तास काम केलं. काका पायरीवर बसले होते. बरोबर १५ मीटर, मी पावलं मोजली होती. माझ्या हातात यंत्र होतं, शूटिंग कुणी केलं नाही.

सुबाभूळ गेली. लाल पट्ट्यांच्या मधलं अंतर आता दिसतंय. नऊ-नऊ फुटांवर नवीन सुपारी उभी आहे, गुडघ्याच्या जरा वर आलीय. धरायला अजून काही वर्षं लागतील.

तुमच्या घरी असा कटर असेल तर आज दोन गोष्टी करा. पात्याची ढाल काढून ठेवली असेल तर परत लावा, आणि मॅन्युअलमध्ये घड्याळाचं चित्र कुठे आहे ते शोधा. आणि घरात झाडावर चढलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा, तुम्हाला कधी लागलं होतं, आणि का? तो इतिहास कुठेच लिहिलेला नाही. आलेली उत्तरं मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकू.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.